कोंडणारे तिघे, शिक्षा तीन

उपासक-उपासिकांनो, आपल्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. म्हणून हा धडा नीट वाचा.

समजा, उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने एका जोडप्याला बारा दिवस खोलीत कोंडले. बेत मुकादमाचा. साथीदाराने मारून आणले. दाराशी बसवला एकोणीस वर्षांचा पोरगा. बाप दारूत गेलेला, शाळा चौथीत सुटलेली, स्वतःही त्याच उचलीत अडकलेला.

कुलूप नसले तरी ते कोंडणेच. ठरावीक हद्दीबाहेर जाऊ न देणे पुरेसे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १२७ लागू आहे. दहा किंवा अधिक दिवस कोंडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि किमान दहा हजार रुपये दंड. 'उचल दिली होती' ही सबब चालत नाही. वेठबिगारीचे कर्ज १९७६ च्या कायद्यानेच रद्द केले.

तिघांचा इरादा एक असेल तर तिघेही दोषी. 'मी नुसता दाराशी बसलो' म्हणून पोरगा सुटत नाही. पण दोष एक म्हणजे शिक्षाही एक, असे नव्हे. वस्तीत पुष्कळांचा घोटाळा होतो तो इथेच. दोष ठरल्यावर अशा खटल्यात शिक्षेपुरते प्रत्येक आरोपीचे वेगळे ऐकावे लागते. हा नुसता उपचार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली संता सिंग खटल्यात बजावले. वय, शिक्षण, घरची स्थिती, पूर्वीचे गुन्हे, सारे तेव्हा मांडता येते. बेत कुणी केला, हात कुणी उचलला, हेही तोलले जाते. हलाखी मुकादमाचीही असेल. पण बेत आखणाऱ्याला तिचा आधार थोडाच मिळावा.

२१ वर्षांखालच्याला शक्यतो तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावे, असे १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो. मात्र वय गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, दोष ठरतो त्या दिवशीचे धरतात. खटला रेंगाळला की हा आधार गेला. आणखी एक: १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातीत येतात. कोंडणारा त्या वर्गाबाहेरचा असून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरला, तर अठरावर वय असलेल्याला ही सवलत मुळीच नाही.

पोरगा तुमच्या घरचा असेल तर शाळेचा दाखला आणि घरची हकिकत वेळेवर वकिलाकडे द्या. कोंडलेले तुमचे असतील तर बुडालेली मजुरी आणि औषधाचा खर्च सरकारी वकिलाला सांगा. आरोपीला हमीवर सोडतानाही भरपाईचा हुकूम करण्याचा अधिकार कोर्टाला आहे.