कुट्टी मशीन आणि आपले हात



तोडणी सुरू झाली की आपल्याकडे उसाचं वाडं मोप येतं. मका, कडवळ, हत्ती गवत, भाताचा पेंढा हे तर असतंच. दोन-तीन म्हशी दारात असल्या की विळ्याने वैरण तोडून तोडून हात भरून येतात. म्हणून आपल्या प्रभागात आता पुष्कळ गटांनी कर्ज घेऊन कडबा कुट्टी मशीन घेतलंय. चांगलंच झालं. अख्खं ताट टाकलं की म्हैस पाला खाते आणि बुडखा पायाखाली घालते. कुट्टी केली की सगळं पोटात जातं.

पण आमच्याच वाडीतल्या एका वहिनींची दोन बोटं मागल्या वर्षी गेली. मशीन गटाचं, चालू होतं, वहिनी घाईत होत्या, दुधाची गाडी यायची वेळ झाली होती. शेवटचा आखूड तुकडा अडकला म्हणून त्यांनी हाताने ढकलला. एवढंच झालं. नवऱ्याने चूक त्यांचीच धरली, गावानेही धरली. मी स्वतः ते मशीन नंतर बघितलं. त्याची चारा घालायची पन्हळ वीतभरच होती, वर झाकण नव्हतं, स्विच भिंतीवर पाठीमागे होता. आणि ते मशीन गटाने सह्या करून घेतलं होतं, त्यात माझीही सही होती. चूक एकट्या वहिनींची होती असं मला तरी म्हणवत नाही.

आधी एक हिशेब

हा हिशेब वहीत मांडून बघा. साधारण मशीनचं मोठं चाक मिनिटाला ३६० फेरे घेतं. चाकावर दोन पाती. म्हणजे मिनिटाला ७२० काप. प्रत्येक काप २ सेंटिमीटरचा धरला, तर दातेरी रोलर मिनिटाला १४४० सेंटिमीटर चारा आत ओढतात. भागिले साठ. सेकंदाला २४ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत.

बोट रोलरमध्ये गेलं की एका सेकंदात पंजा आत जातो आणि दोन सेकंदांत कोपर. "लगेच बंद करीन की" असं आपण म्हणतो, पण स्विच बंद केला तरी जड चाक आपल्या वेगाने फिरतच राहतं. तेव्हा हात आत गेल्यावर काय करायचं याचा विचार नको. हात तिथपर्यंत पोचणारच नाही, अशी मांडणी करायची.

मशीन बसवताना

पहिली गोष्ट जागा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर गोठ्याची जमीन वाळतच नाही. शेणामुताच्या ओल्या जमिनीवर मशीन ठेवू नका. छपराखाली, जमिनीपेक्षा थोडा उंच सिमेंटचा ओटा घाला आणि त्यात बोल्ट पुरून मशीन आवळा. चार विटांवर ठेवलेलं मशीन चालता चालता सरकतं, ते धरायला आपण हात लावतो आणि तिथेच घात होतो. उजेड पाहिजे. पायाखाली वाड्याचा कचरा नको, पाय घसरला की माणूस आधाराला पुढचं जे असेल ते धरतं.

दुसरी गोष्ट पन्हळ, म्हणजे चारा ठेवायचा ट्रे. मळणीयंत्राने फार हात जायला लागले, तेव्हा आपल्या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. मळणीयंत्राच्या पन्हळीचं माप ठरलं: लांबी कमीत कमी ९० सेंटिमीटर, आणि त्यातली आतल्या बाजूची ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली. कुट्टी मशीनलाही हेच माप धरा. तुमच्या मशीनची पन्हळ आखूड असेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्रा जोडून घ्या. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. आणि झाकण जिथे संपतं तिथे लाल ऑइलपेंटची रेघ मारा. हात त्या रेघेच्या अलीकडेच.

दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत कुट्टी मशीनच्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यांनी तीन साधे बदल सुचवले. रोलरच्या आधी एक इशारा देणारा रोलर, त्याला बोटं लागली की बाई सावध होते. पात्यांवर जाळी. आणि चाक अडकवून ठेवायची खीळ. ही खीळ मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण मशीन बंद असतं तेव्हा पोरं चाक फिरवत खेळतात, एक जण फिरवतो आणि दुसरा बोट घालतो. खीळ नसेल तर चाकाला साखळी आणि कुलूप लावा. किल्ली एकाच ताईकडे ठेवा.

तिसरी गोष्ट वीज. २ एचपीची मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बल्बाची बारीक वायर लांबवर ओढून आणली की ती गरम होते आणि मोटारीला पुरेसा दाबही मिळत नाही. २.५ एमएमची तांब्याची वायर घ्या, जोड देऊ नका. अर्थिंग पाहिजेच, आणि गळतीचा करंट पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या दिवसांत जीव वाचवणारी वस्तू आहे ती. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. स्विच मात्र तुम्ही सांगाल तिथे बसवायला लावा: चारा घालणारी जिथे उभी राहते तिथून, वळावं न लागता, डाव्या हाताला.

मोटारीची पुली आणि मशीनची पुली एका रेषेत आहे का ते दोरी ताणून बघा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की अर्धा इंच दबावा. फार ढिला असेल तर घसरतो, फार ताठ असेल तर बेअरिंग खातो. पट्ट्यावर जाळी पाहिजे. पदर पात्यापेक्षा पट्ट्यात जास्त लवकर जातो.

एक गोष्ट मिस्त्री सुचवतील ती ऐकू नका. "ताई, मोठी पुली टाकतो, काम लवकर उरकेल." १४४० फेऱ्यांची मोटार, तिची पुली ३ इंची, मशीनची १२ इंची, तेव्हा चाकाचे ३६० फेरे होतात. ४ इंची पुली टाकली की ४८० होतात. वेग सव्वापटीहून थोडा जास्त वाढला असं वाटतं, पण चाकावरचा ताण पावणेदोन पट होतो. बोल्ट तुटला तर पातं गोळीसारखं सुटतं.

पाती

पातं आणि समोरची स्थिर पट्टी यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असावी. प्लग काढायचा, चाक हाताने हळूहळू पूर्ण फिरवायचं आणि प्रत्येक पात्याला फट तपासायची. कुठे घासलं तर सरकवायचं. मग बोल्ट आवळायचे आणि पुन्हा एकदा फिरवून बघायचं.

धार उताराच्या बाजूनेच लावतात, सपाट बाजूला दगड लावायचा नाही. पातं निळं पडेस्तोवर घासू दिलं तर पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही, म्हणून मधून मधून पाण्यात बुडवायला सांगा. दोन्ही पाती एकाच वेळी काढा, वजन सारखं राहू द्या. एक नवं एक जुनं लावलं की चाक थरथरतं. पाती काढताना-लावताना जाड हातमोजे घाला. चारा घालताना मात्र हातमोजे अजिबात नकोत, रोलरचे दाते कापड धरून हात आत ओढतात. काम झालं की नट-बोल्ट मोजा. एखादा कुट्टीत पडला तर तो म्हशीच्या पोटात जातो, आणि लोखंड पोटात गेलेली म्हैस वाचवणं डॉक्टरांनाही अवघड असतं.

चालवताना

आपण रानात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो ना, तोच इथे घाला. पदर आत खोचलेला, बाह्या बटण लावून, केस बांधून वर कापड. मंगळसूत्र शर्टाच्या आत. बांगड्या काढा म्हटलं की आमच्या आत्याबाई रागावतात, त्यांना मी म्हटलं, "आत्याबाई, बांगड्या मशीन थांबलं की परत चढवता येतात." पायात रबरी चप्पल, हात कोरडे.

दोघींनी मिळून काम करायचं. एक चारा घालील, दुसरी कुट्टी ओढील आणि पोरांकडे लक्ष ठेवील. दोघींत गप्पा नकोत. आधी दोन मिनिटं मोकळं चालवून आवाज ऐका. मग मूठभर चारा, बुडखा आधी. मोठा भारा एकदम कोंबू नका, वाड्यात दगड, तार, विळ्याचा तुकडा नाही ना ते झटकून बघा.

शेवटचा आखूड तुकडा, जिथे आमच्या वहिनींचा हात गेला, तो कधीच हाताने ढकलायचा नाही. पुढची मूठ त्याच्यावर ठेवायची, तीच त्याला घेऊन आत जाते. लाकडाच्या वखारीत गोल करवत चालताना बघितली असेल, तर जाणता कारागीर शेवटचा तुकडा दुसऱ्या फळीने पुढे सारतो, बोटाने नाही. सगळ्यांत शेवटची मूठ उरलीच तर राहू द्या तशीच, म्हैस खाईल.

चालताना लाइट गेली तर पहिलं काम स्विच बंद करणं. आपल्याकडे लाइट जाते तशी न सांगता येते. "लाइट नाही, तोवर अडकलेलं काढून घेऊ" म्हणून हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली, तर मशीन आपोआप सुरू होतं.

बिघडलं तर

चारा अडकला: स्विच बंद, प्लग बाहेर, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट, चाकात लाकडी ठोकळा. मग उलटा गिअर असेल तर ठोकळा काढून, चाक हाताने फिरवून चारा मागे घ्या. प्लग शेवटपर्यंत बाहेरच.

मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही: ताबडतोब बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं. संध्याकाळी सगळ्यांचे पंप-दिवे चालू असतात, तेव्हा व्होल्टेज पडतं. सकाळी लावून बघा. सकाळीही तेच होत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलाय. कपॅसिटर बंद मशीनमध्येही झटका देतो, त्याला वायरमनच हात लावील.

चारा कापला जाण्याऐवजी फाटतो, दोऱ्या निघतात: धार गेली किंवा फट वाढली. काप लहान-मोठे पडतात: रोलरचे स्प्रिंग ढिले किंवा दात्यांत चोथा भरलाय. टक-टक आवाज: बोल्ट सैल, एक काप सुद्धा पुढे चालवू नका. थ्री फेजचं मशीन उलटं फिरायला लागलं, तर वायरमन दोन फेज अदलाबदल करून देईल. बेअरिंगला हात लावून चटका बसला तर ग्रीस नाही किंवा पट्टा फार ताठ आहे. हात मशीन थांबल्यावरच लावायचा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

आणि एक राहिलं. कोवळ्या ज्वारीचं विष कुट्टी केल्याने जात नाही. ते मशीनचं काम नव्हे.

तरीही अपघात झाला तर

प्लग काढा. हात रोलरमध्ये अडकला असेल तर ओढू नका, चाक उलटं फिरवून सोडवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचला. हळद, चहापूड, राख काही नको, डॉक्टरांना ते आधी धुवावं लागतं. १०८ ला फोन करा.

तुटलेलं बोट शोधा, कुट्टीत असेल तर कुट्टी उपसा. स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर मांस मरतं. बर्फ आइस्क्रीमच्या दुकानात, मासेवाल्याकडे, दूध डेअरीत मिळतो. आमच्या वहिनींची बोटं कुणी शोधलीच नाहीत. पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त थांबवून सलाइन लागेल, पण बोट जोडायचं तर पुढे कराडला किंवा आणखी मोठ्या ठिकाणी जावं लागतं, म्हणून "बोट सोबत आहे" हे पहिल्याच फोनवर सांगा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

शेतीच्या कामात अपघाताने हात किंवा पाय कायमचा गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून १ लाख रुपये मिळतात, मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला हा लाभ आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करावा लागतो. घरात रडारड चालू असते तेव्हा दिवस मोजायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा ते काम गटाच्या सचिवताईंनी अंगावर घ्यावं.

नवीन मशीन घेणाऱ्या गटांसाठी

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. दुकानदार आधी किंमत सांगेल, तुम्ही आधी टेप काढून पन्हळ मोजा. पात्यावर आणि पट्ट्यावर जाळी आहे का, उलटा गिअर आहे का, आयएसआय खूण आहे का ते बघा. आम्ही मागल्या वेळी नुसता भाव पाडत बसलो होतो.

येत्या मासिक बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या: किल्ली कुणाकडे, मशीन कोण कोण चालवणार, धार किती दिवसांनी, आणि भाड्याच्या पैशातून पाती-पट्ट्यासाठी किती बाजूला ठेवायचे. आमच्या गटाने वहिनींनाच किल्ली दिली आहे. लाल रेघ त्यांनीच मारली, आणि शर्ट न घालता आलेल्या बाईला त्या परत पाठवतात.