लाहाइनाची बाजारपेठ

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी माउई बेटावर लाहाइना हे जुने गाव आहे. ८ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे भयंकर वणवा पेटला. वाळलेले गवत आणि सोसाट्याचा वारा यांमुळे तो पाहता पाहता गावात शिरला. शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. समुद्रकाठची कित्येक दुकाने व खाणावळी भस्मसात झाल्या.

मुलांनो, दुकान जळते तेव्हा केवळ भिंती जळत नाहीत. मालकाचे भांडवल जाते, नोकरांची रोजी बुडते आणि गिऱ्हाइकांची पावले दुसरीकडे वळतात. अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने व्यापाऱ्यांना अल्प व्याजाचे, दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ केले. ज्यांचे दुकान बचावले, परंतु प्रवासी न आल्यामुळे ज्यांचा धंदा बसला, त्यांनाही ते मागता येत असे. पण कर्ज फेडावेच लागते आणि त्यासाठी विक्री व्हावी लागते. म्हणून अशा दुकानातून जो मुद्दाम दोन वस्तू विकत घेतो, तोही मोठे साहाय्य करतो. त्यात दुकानदाराचा स्वाभिमानही राखला जातो.

भारतातून आणलेला एक वड १८७३ साली या गावात लावण्यात आला होता. वणव्यात तोही होरपळला. जाणकारांनी व स्वयंसेवकांनी त्याच्या मुळांना पाणी आणि खत घातले. काही आठवड्यांतच त्याला नवी पालवी फुटली. झाडाला जसे पाणी, तसे दुकानाला गिऱ्हाईक. संकटात सापडलेल्या कष्टाळू माणसाला दयेपेक्षा कामच अधिक बळ देते.