पूररेषेच्या अलीकडे, पलीकडे

चि. मुक्ता हिस,



बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूचं घर तुला आवडलं आहे, आणि बयाणा देण्याआधी तू विचारलंस याचा मला आनंद आहे. तुझा प्रश्न असा : ‘इमारत पूररेषेच्या बाहेर आहे असं बिल्डर सांगतो, नकाशातही तसंच दिसतं. मग पुराची काळजी आणि विम्याचा हप्ता कशासाठी?’ इमारत रेषेच्या बाहेर आहे हे मी खरं धरून चालतो. तरीही माझं उत्तर बदलत नाही. पूररेषा म्हणजे गावाची वेस नव्हे, की अलीकडे धोका आणि पलीकडे अभय. तो एका शक्यतेचा आकडा आहे, फक्त जमिनीवर रेघ ओढून दाखवलेला. तो आकडा तुझ्या कर्जाच्या मुदतीशी ताडून पाहिलास, तर घर कुठे घ्यायचं, किती उंचीवर घ्यायचं आणि विमा किती उतरवायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील.

आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, आणि निळ्या-लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित, म्हणजे अटी घालून बांधकामाला मुभा असलेला. घोटाळा होतो तो ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी. ऐकणाऱ्याला वाटतं, २००५ साली येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी येईल. पण या शब्दांचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे. पुढच्या वर्षीही एक टक्का, त्याच्या पुढच्याही वर्षी तेवढीच. मागच्या साली काय झालं याचा हिशेब नदी ठेवत नाही. आता तुझं कर्ज वीस वर्षांचं धर. वीस वर्षांत लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण १८ टक्के होते, म्हणजे पाचांत एक असं म्हटलं तरी फारसं चुकत नाही. निळ्या रेषेसाठी हाच हिशेब केला तर आकडा ५६ टक्क्यांच्या घरात जातो. वीस वर्षांत तिथे पाणी न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. पाचांत एक एवढी शक्यता एखाद्या आजाराची असती, तर तू वेळ न घालवता तपासणी करून घेतली असतीस. मग घराच्या बाबतीत ती नगण्य का मानायची?

हा हिशेबसुद्धा नदी तशीच राहील असं धरून केलेला आहे, आणि बदलापुरात ती तशी राहिलेली नाही. उल्हास सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली येते, कर्जत-नेरळच्या पट्ट्यात माथेरानच्या पूर्व उताराचं पाणी तिला मिळतं, आणि बदलापूरजवळ जमीन सपाट होत गेल्यावर ते पाणी पसरू लागतं. घाटावर रात्री कोसळलेला पाऊस काही तासांत वस्तीजवळ पोचतो, शहरात त्या वेळी उघडीप असली तरी. पूर्वी काठाची भातशेती हे पाणी पोटात घेत असे. त्याच खाचरांवर भराव पडून आता इमारती उभ्या आहेत. भरावाने पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या सखल जागेत सरकतं. एका संकुलाचं जोतं उंच झालं की त्याच्या मागच्या जुन्या चाळीच्या उंबऱ्याला पाणी लागतं, आणि त्या चाळीला कोणी विचारलेलं नसतं. घर घेणाऱ्याच्या मनात हा विचारही यावा असं मला वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उल्हासच्या खोऱ्यातही हाहाकार होता. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा सखल भागात पाणी शिरलं. हे तिन्ही पूर सारख्या उंचीचे नव्हते, त्यामुळे ‘शंभर वर्षांचा पूर तीनदा आला’ असं मी म्हणणार नाही. पण सतरा पावसाळ्यांत तीनदा घरं सोडावी लागलेल्या शहरात नकाशावरच्या रेषेवर किती विसंबायचं, याचं उत्तर यात आहे.

रेषा आणखी एका बाबतीत अपुरी पडते : ती नदीची असते, नाल्याची नव्हे. पुण्याचं उदाहरण घे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तिथे माणसं दगावली ती मुठेच्या पुराने नव्हे, आंबिल ओढ्याच्या लोंढ्याने. अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत नदीच्या पुराची भीती कोणाच्या मनात नव्हती. दुसरं उदाहरण २५ जुलै २०२४ चं. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकवर आखलेली आहे. कागदावर निळ्या रेषेइतकं पाणी यायला बराच अवकाश होता, पण धरणाच्या खालच्या पाणलोटातला पाऊस त्यात मिसळला आणि अरुंद झालेल्या पात्रात तेवढं पाणी मावलं नाही. म्हणून तुझ्या इमारतीजवळून एखादा नाला वाहतो का, तो रस्त्याखालच्या नळ्यांतून जातो का, रेल्वेच्या भरावाला तो कुठे अडतो, हे रेषेइतकंच बारकाईने बघ.

तू म्हणशील, नगरपरिषदेची परवानगी आहे, महारेराचा नोंदणी क्रमांक आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, मग एवढे सगळे चुकतील का? ते चुकत नाहीत, पण तुझा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच. बँकेला मालकी निर्वेध हवी आणि हप्ता वेळेवर हवा. महारेरा बिल्डरने जाहीर केलेली माहिती आणि दिलेली मुदत यांवर लक्ष ठेवते. जोत्याला पाणी लागणार नाही अशी हमी तिथून मिळत नाही. नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच ठेवण्याची अट आहे. ही अट पाळली तरी पुराच्या दिवशी तुझं घर कोरडं आणि घराकडे येणारा रस्ता पाण्याखाली, अशी गत होऊ शकते. ‘मी चौथ्या मजल्यावर असेन’ हे तुझं म्हणणं निम्मं बरोबर आहे. सोफा भिजणार नाही. पण मीटर रूम, पाण्याचा पंप, जमिनीखालची टाकी, लिफ्टचा खड्डा आणि पार्किंगमधली गाडी हे सगळं खालीच असतं. वीज गेली की पंप बंद आणि लिफ्टही बंद. टाकीत गटाराचं पाणी मिसळलं तर चौथ्या मजल्याच्या नळालाही तेच येणार. आणि दुरुस्तीचा खर्च सोसायटी मजला बघून वाटत नाही.

म्हणून बयाण्याआधी एक सुट्टी काढ. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विकास आराखडा आणि जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा दोन्ही बघून त्यांवर आपला सर्व्हे नंबर शोध. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या नकाशावर हे काम भागवू नकोस. मग बिल्डरकडून जोत्याची पातळी मीटरमध्ये लिहून घे. तोंडी सांगितलेली ‘बरीच उंच’ ही काही पातळी होत नाही. पावसाळ्यात उल्हासची बदलापूरची पातळी जाहीर होते. १६.५० मीटर ही इशारा पातळी आणि १७.५० मीटर ही धोका पातळी. या मोजणीचा शून्य कुठला हे विचारून घेतलंस तर ती पातळी आणि आपलं जोतं एकाच मापात ताडता येईल, आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात बातमीतला आकडा ऐकून आपल्यापर्यंत पाणी यायला किती अंतर राहिलं ते तुला घरबसल्या कळेल. शेवटी, परिसरातल्या जुन्या किराणा दुकानदाराला आणि पिठाच्या गिरणीवाल्याला २००५ आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचार. मोटार आणि पोती वाचवायला ज्याला रात्र काढावी लागली, त्याला ती खूण नेमकी ठाऊक असते.

आता विमा. २०२१ च्या एप्रिलपासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात आग आणि भूकंपाबरोबर वादळ, पूर आणि जलमय होणं हेही मुळातच धरलेलं आहे. विमा रक्कम ठरवताना घराचा बाजारभाव धरायचा नाही, कारण जमीन वाहून जात नाही. कारपेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा चालू दर, असा हिशेब असतो. समजा ५०० चौरस फूट आणि दर अडीच हजार रुपये, तर साडेबारा लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे अडीच लाख, घरातल्या सामानासाठी आपोआप धरले जातात. या आपोआप मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मर्यादा दहा लाख. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. भाड्याने राहणाऱ्यालाही नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग. बँकेत सही करताना मात्र एक खबरदारी घे. कर्जासोबत पुष्कळदा जो ‘विमा’ गळ्यात येतो तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटावं यासाठी तो असतो, पुराने भिंत खचली तर त्यातून छदामही मिळत नाही. तसंच सोसायटीच्या पॉलिसीत पूर आणि जलमय होणं हे शब्द आहेत का, आणि पंप, लिफ्ट, मीटर रूम तिच्यात धरली आहेत का, ते पहिल्याच सभेत विचार. गाडीचं वेगळं आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात काही मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर मिळतं, पण पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने ते निकामी झालं तर इंजिनाचं पुरवणी संरक्षण घेतलेलं असल्याशिवाय कंपनी तो खर्च सहसा नाकारते. बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नकोस, टो करूनच ने.

‘कंपन्या दावे देत नाहीत, आणि पूर आला तर सरकार मदत करतंच’ हे तू चारचौघांकडून ऐकशील. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने शहरी भागातल्या पूरग्रस्त कुटुंबांना १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबांना १० हजार रुपये दिले. त्या घडीला ती मदत मोलाची होती, पण तेवढ्यात आजचा साधा फ्रिजही धडपणे येत नाही. मदत माणसाला उभं राहायला हात देते, घर पुन्हा लावून देत नाही. दाव्यांबद्दलची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. मात्र अर्ज भरताना पूर्वी पाणी आल्याची माहिती लपवणं, बिलं नसणं, आणि सर्व्हेअर यायच्या आत भिजलेलं सामान फेकून देणं, या तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. बिलांचे आणि खोल्यांचे फोटो आजच काढून ईमेलवर ठेव, आणि पाणी ओसरलं की आवराआवर करण्याआधी पुन्हा काढ. अमेरिकेत लाल रेषेसारख्याच एक टक्का शक्यतेच्या पट्ट्यात केंद्र सरकारच्या नियमांखालच्या बँकेचं गृहकर्ज घेतलं तर पूरविमा सक्तीचा असतो. आपल्याकडे पूररेषा बघून तशी सक्ती कोणी करत नाही. म्हणून हा निर्णय तुझ्यावर येतो, आणि तो मे महिन्याच्या आत घ्यायला हवा.

मग विमा आहे म्हणून कुठेही घर घ्यावं का? नाही, आणि इथे मी ठाम आहे. विमा वस्तूंचे पैसे देतो. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून वर नेण्याची वेळ तो टाळत नाही, बुडालेल्या शाळेच्या वह्या आणि तीन आठवड्यांचा चिखल त्याच्या हिशेबात नसतो. निळ्या रेषेच्या आत किंवा नाल्याच्या तोंडाशी घर असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून दे. दोन रेषांच्या मधे असेल तर जोत्याची पातळी लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, आणि विमा पहिल्या दिवसापासून घे. लाल रेषेच्या बाहेर, उंचावर, नाल्यापासून लांब असेल तर निर्धास्तपणे घे, पण विमा तिथेही उतरव. तिथे शक्यता कमी आहे म्हणून हप्ताही जड जाणार नाही, आणि वीस वर्षांची बचत एका रात्रीवर टांगलेली राहणार नाही.

जोत्याची पातळी आणि सर्व्हे नंबर हातात आला की मला कळव, नकाशावर आपण दोघं मिळून बघू. तोवर बयाणा थांबव.

तुझा,
काका