टेलरचे घड्याळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला फ्रेडरिक टेलर अपरिचित नाही. १९११ साली त्याने शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली : कामाचे भाग पाडा, घड्याळ लावून मोजा, त्यांतील एकच उत्तम पद्धत सर्वांना लावा. याचे फायदे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. तोटा मात्र एका कादंबरीत सापडला.

येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची ‘आम्ही’ ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. खुद्द रशियात ती छापली जायला १९८८ साल उजाडले. तिच्यातील राज्यात टेलरला थोर पुरुष मानतात. त्याचे घड्याळ तेथे कारखान्यातून घरात शिरले आहे. घरे काचेची, माणसांना नावांऐवजी क्रमांक. सर्वांनी एकाच क्षणी उठायचे, प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा. नायक डी-५०३ याला यातच सुख वाटते. राज्याच्या स्तुतीसाठी तो रोजनिशी लिहू लागतो आणि लिहिता लिहिता तिच्यात ‘मी’ डोकावतो. शेवटी शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्तीच काढून टाकतात. मग आवडत्या स्त्रीचा छळही तो शांतपणे पाहतो.

त्या राज्याच्या हिशेबात कोठेही चूक नाही, हेच मला भयंकर वाटले. एवढा वेळ वाचवूनही माणसाच्या वाट्याला स्वतःचे असे दिवसाचे दोनच तास येतात!

टेलरवरील उत्तर मी पुन्हा लिहीन, गुणही मिळवीन. पण फायदे लिहून झाल्यावर स्वतःला विचारीन : वाचलेला वेळ जमा झाला तो कोणाच्या खात्यात?