सकाळी एका सेल्फात, दुपारी धक्क्यावर

थंड असताना एका सेल्फात चालू होणारा जुना डिझेल ट्रक तापल्यावर दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की दाद देत नाही. वसई-विरारमध्ये हे दुखणे लवकर उघडे पडते. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर कोंडी झाली की चालक डिझेल वाचवायला इंजिन बंद करतो आणि गाडी तिथेच अडून बसते.

आधी सेल्फ पाहावा. तो रेंगाळत असेल तर दोष बहुधा बॅटरी, वायरिंग किंवा सेल्फच्या झिजलेल्या बुशांचा. १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी खराब समजावी. खाऱ्या हवेत ती आतून गंजते, वरून धडधाकट दिसते.

सेल्फ जोमात फिरत असेल तर सायलेन्सर पाहावा. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. फिल्टर आणि लाइनमधली एअर तपासून झाली की संशय रोटरी पंपावर. त्याचे हेड-रोटर झिजले असेल तर तापून पातळ झालेले डिझेल फटीतून निसटते आणि सेल्फच्या मंद गतीला नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. थंड डिझेल दाट असते, म्हणून सकाळी तक्रार नसते.

प्रस्तुत लेखकाच्या ट्रकला एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "रिंगा गेल्यात" असा निकाल दिला. कॉम्प्रेशन कमी असते तर गाडी सकाळच्या गारव्यात आधी अडली असती, हे सांगूनही त्याने ऐकले नाही. इंजिन उतरले, बिल वसूल झाले, तक्रार तशीच राहिली. वर उत्तर मिळाले, "गाडी जुनी आहे शेठ, एवढं चालायचंच." पुढे चिंचोटीच्या कोंडीत एका अनोळखी चालकाने गार पाण्यात भिजवलेले फडके पंपाभोवती गुंडाळले. पंप हाताला गार लागेपर्यंत तो थांबला. मग पहिल्याच सेल्फात धुराचा भपका निघाला आणि इंजिन धडधडू लागले. रिंगांचा या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

ही परीक्षा इंजिन बंद असतानाच करावी. चालू पंपावर पाणी ओतल्यास तो जाम होऊ शकतो. पंप कॅलिब्रेशनला दिल्यावर सेल्फच्या मंद गतीला किती डिझेल सुटते ते बेंचवर मोजायला सांगावे. जास्त आरपीएमला झिजलेला पंपही बरा दिसतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा. गाडी गॅरेजला तापलेलीच दाखवावी, खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेले सुटे भाग ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्या गॅरेजने जुन्या रिंगा आजतागायत दाखवलेल्या नाहीत.