छायाचित्रासाठी कागदाची निवड

घरोघरी व शाळाशाळांतून इंकजेट छपाईयंत्रे आल्यापासून छायाचित्राच्या प्रतीसाठी प्रत्येक वेळी स्टुडिओ गाठण्याची गरज राहिलेली नाही. स्नेहसंमेलनाचे चित्र असो वा वाडवडिलांच्या जीर्ण छायाचित्राची नवी प्रत, ती जागच्या जागी तयार होते. मात्र अशी प्रत थोड्याच काळात फिकी पडते किंवा पावसाळ्यात डागाळते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष यंत्राला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा कागदाची निवड चुकलेली असते. मूळ चित्र वाळवीने किंवा ओलीने नष्ट झाले, तर ही प्रतच त्याची एकमेव खूण उरते. यास्तव निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

कार्यालयीन साध्या कागदाचे वजन दर चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम असते व त्यावर शाई तंतूंतून पसरते. फोटो पेपर सामान्यतः १८० ते ३०० ग्रॅमचा असतो. तथापि केवळ जाडी हे दर्जाचे गमक नव्हे. खरे महत्त्व कागदावरील लेपाला आहे. सच्छिद्र लेपात सिलिका किंवा ॲल्युमिनाचे सूक्ष्म कण असतात. तो शाई तत्काळ शोषतो. फुगणारा लेप जिलेटिनासारख्या पदार्थाचा असतो. तो शाईला आत सामावून घेतो, पण उशिरा सुकतो आणि दमटपणा त्याला मानवत नाही. कोकण-गोव्यातील पावसाळी हवेत म्हणून पहिलाच प्रकार सोयीचा ठरतो.

कागद घेण्यापूर्वी यंत्रातील शाई कोणती, हे पाहावे. डाय शाई द्रवात विरघळलेली असते. तिचे रंग खुलून दिसतात, परंतु सच्छिद्र कागदावर प्रकाश व हवेतील ओझोन यांमुळे ती लवकर उडते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात. ती अधिक टिकते, मात्र न जुळणाऱ्या चकचकीत कागदावर घासली जाऊन निघते. कोणत्या शाईसाठी कागद योग्य आहे, हे पुष्कळदा वेष्टनावर छापलेले असते. लेसर यंत्रासाठीचा चकचकीत कागद इंकजेटला मुळीच चालत नाही, कारण त्यात शाई मुरत नाही. उलटपक्षी, इंकजेटचा फोटो पेपर लेसर यंत्रात घातल्यास उष्णतेने त्याचा लेप वितळून यंत्र बिघडण्याचा संभव असतो.

पृष्ठभाग उपयोगानुसार ठरवावा. आल्बमसाठी चकचकीत कागद शोभतो. भिंतीवरील किंवा हाताळावयाच्या चित्रासाठी मॅट अथवा अर्धचकचकीत कागद बरा. त्यावर उजेडाची तिरीप व बोटांचे ठसे कमी दिसतात. दीर्घकाळ जपावयाच्या प्रतीसाठी आम्लरहित कागद घ्यावा. अतिशुभ्रतेला भुलू नये. शुभ्रता वाढविणारी रसायने कालांतराने निष्प्रभ होऊन कागद पिवळसर दिसू लागतो.

मोठे पुडके घेण्यापूर्वी थोडे कागद आणून परीक्षा करावी. एकाच चित्राच्या दोन प्रती काढून एक पेटीत व दुसरी खिडकीच्या उजेडात काही आठवडे ठेवावी. दोहोंतील फरक डोळ्यांना दिसतो. विद्यार्थ्यांसाठीही हा उद्बोधक प्रयोग होईल.

छापताना संगणकावर कागदाचा प्रकार अचूक निवडावा. साध्या कागदाची नोंद तशीच राहिल्यास शाईचे प्रमाण चुकते. लेपाची बाजू ओळखण्यासाठी कोपऱ्याला ओलसर बोट लावावे. जी बाजू किंचित चिकटते, ती छपाईची. प्रत एक दिवस मोकळी सुकवून मगच चौकटीत घालावी व काच चित्राला टेकू देऊ नये. उरलेले कागद मूळ वेष्टनात, हवाबंद पिशवीत, आडवे ठेवावेत.

इतकी दक्षता घेऊनही कोणतीही छापील प्रत चिरकाल टिकेल असे नाही. म्हणून मूळ छायाचित्र सुरक्षित ठेवून त्याची संगणकीय प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करावी. कागद पुन्हा मिळेल. हरवलेला चेहरा पुन्हा मिळणार नाही.