आपला कबड्डी संघ : पुढील वर्षाची आशा आणि तिचा हिशेब

अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत यंदा आपला संघ दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला, हे वाचकांना ठाऊक आहेच. तरीही पुढील वर्षी हाच संघ बरीच मजल मारील असे मी म्हणतो आणि मित्र मला हसतात. मी स्वतः खेळाडू नाही. मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणारा एक चाहता आहे. परंतु चाहत्याच्या आशेलाही काही आधार असावा, असे मला वाटते. तो आधार तपासून पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्याकडे संघाची चर्चा म्हणजे चढाईपटूची चर्चा. चिखलीकडचा आपला गडी चढाईला निघाला की मुले बाकावर उभी राहतात. त्याचे कौतुक मलाही आहे. पण कबड्डीच्या नियमांत एक गोष्ट अशी आहे की, तिच्याकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. बारा जणांच्या संघातले सात मैदानात उतरतात. चढाई करणारा पकडला गेला की तो बाद होऊन बाहेर बसतो, आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केल्याशिवाय त्याला पुन्हा आत येता येत नाही. शिवाय जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. म्हणजे सर्वांत चांगला चढाईपटू बाहेर बसला, तर त्याला उठवून आत आणण्याचे काम पुष्कळदा पकड करणाऱ्यांवर येते. तेच कच्चे असले तर संघाचा हुकमी एक्का बाकावर बसून टाळ्या वाजवतो. इकडे एकेक गडी कमी होत जातो आणि शेवटी लोण चढून प्रतिपक्षाला दोन गुण अधिक मिळतात.

यंदा आपले नेमके हेच झाले. हरलेल्या सामन्याचे पान माझ्या वहीत आहे. उत्तरार्धाच्या वीस मिनिटांत आपला चढाईपटू निम्म्याहून अधिक वेळ बाहेर होता. त्याची चढाई वाईट नव्हती. आपले दोन्ही कोपरे उघडे होते. डावीकडचा मुलगा मनगट धरू पाहत होता आणि उजवीकडचा घाईने पुढे येऊन स्वतःच बाद होत होता.

हे दुखणे केवळ आपले नाही. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डी आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ मध्ये जकार्ताला मात्र उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले. नामांकित चढाईपटू आपल्याकडेही होते, पण इराणची पकड भारी पडली. याउलट पुणेरी पलटणचे उदाहरण घ्या. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात हा संघ अंतिम सामना हरला. तरी मालकांनी तरुण मुलांचा मुख्य गाभा मोडला नाही, आणि पुढच्याच हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून ते विजेते झाले. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण पलटणच्या कोणाच्या नावावर नव्हते. पकडीचे सर्वाधिक गुण मात्र त्यांच्याच मोहम्मदरेझा शादलूचे होते. कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातला. हा मुलगा माझ्यासारख्याच घरातून आला असावा, असे मला उगीचच वाटते.

आता आपल्याकडे वळू. यंदाच्या बारांपैकी तिघे पदवी घेऊन जातील. त्यांत एक चढाईपटू आहे, त्याची उणीव भासेल. चिखलीकडचा गडी अजून एक वर्ष आहे. मधली फळी राखणारे दोघे एकाच गावचे, लहानपणापासून एकत्र खेळलेले. एकाने पाऊल टाकले की दुसऱ्याला सांगावे लागत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातून एक उंच मुलगा वर येत आहे. त्याला उजव्या कोपऱ्यात उभे करावे असे माझे मत आहे. क्रीडाशिक्षकांनी ते विचारलेले नाही, हा भाग वेगळा.

राहिला डावा कोपरा. बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे, त्यामुळे तिकडे ताण अधिक असतो. या जागेसाठी आपल्याकडे मोताळा तालुक्यातला एक मुलगा आहे. तो खाली बसून घोटा असा धरतो की सुटणे कठीण. पण यंदाच्या चारपैकी एकाच सामन्यात तो उतरला, कारण स्पर्धा आली ती सोयाबीनच्या सोंगणीत. त्याच्या घरी दोन एकर आहे, वडिलांची कंबर धरलेली, आणि मजूर लावायला पैसा नाही. तो एक सामना आपण जिंकला, हेही वहीत आहे.

माझे वडील शाळेत गेलेले नाहीत आणि कबड्डीला अजून हुतूतूच म्हणतात. पुढच्या वर्षीच्या संघाची ही सारी यादी मी त्यांना रात्री जेवताना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे सारं ठीक हाय. पन सोंगनीच्या टायमाले यातले किती जन थांबतीन, ते मले सांग."

मला उत्तर देता आले नाही. घोटापकड, मधली फळी, उजवा कोपरा हे सर्व मी मांडले होते. आश्विन महिना मात्र मांडला नव्हता. आपल्या बारांपैकी बहुतेक जण शेतकऱ्यांची किंवा शेतमजुरांची मुले. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरे, पण महाविद्यालयाच्या संघात नुसते नाव असून ते मिळत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या संघात आणि त्याहीपुढे जावे लागते. तिथवर जाण्याआधी घरचे सोयाबीन काढावे लागते, आणि पावसात सापडले तर शेंगांतच कोंब फुटतात.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा प्रश्न मी मुलांना सांगितला. कोणी हसले नाही. चिखलीकडचा गडीच म्हणाला की, दोन एकराला दहा-बारा जण लागले तर एका दिवसात सोंगून होईल. मोताळ्याचा मुलगा आधी संकोचला. मग म्हणाला की घरी विचारून सांगतो, आणि आठवड्याने येऊन सांगितले की आई भाकरी करणार आहे. इतर दोघांच्या शेतांचेही तसेच ठरले आहे. क्रीडाशिक्षकांनी सरावातून तीन रविवार मोकळे दिले. मी खेळत नसलो तरी सोंगणीच्या यादीत माझे नाव आहे. विळे मात्र ज्याचे त्याने आणायचे आहेत.